देवळामागचा झरा

हरणाबाई देवळात कधी आत येऊन बसली नाही. दाराशी, चपलांच्या शेजारी तिची जागा. सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट करायची, प्यायच्या पाण्याची घागर भरून ठेवायची, आणि गीत सुरू झालं की नुसते ओठ हलवायची. आवाज नाही.

माझे यजमान कवठे महांकाळच्या पूर्वेला त्या ख्रिस्ती वस्तीवर पाळक म्हणून आले ते चौऱ्याहत्तर साली. पहिल्याच रविवारी मंडळीचे वडीलधारे आकाराम मला म्हणाले, "बाई, लीनपण शिकायचं तर ते हरणीकडनं." मीही तेच धरून चालले.

देवळाच्या वर, हाकेच्या अंतरावर पाझर तलावाचा बांध होता. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्याच लोकांनी तो डोक्यावर माती वाहून घातलेला. त्यानंतर तो कधी अर्धासुद्धा भरला नाही. पंच्याहत्तरला मात्र परतीचा पाऊस असा लागला, की तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून पाणी जाऊ लागलं. त्याच आठवड्यात देवळामागं झरा फुटला.

बायकांना कोण आनंद! विहिरीची पायपीट संपली. आकाराम म्हणाले, "मोशेला देवानं खडकातनं पाणी दिलं, आपल्याला देवळामागनं." कापणीचा सण तोंडावर आला होता. ठरलं, की यंदाची उपकारस्तुती या झऱ्यासाठी करायची, आणि पाण्याची पहिली घागर हरणाबाईनं मेजापुढं आणून ठेवायची.

"मला नगं, आवं," ती म्हणाली.

"बघा, मान दिला तरी नगं म्हणती!" सगळे कौतुकानं हसले.

माझ्या एवढं ध्यानात आलं होतं, की साऱ्या वस्तीत ती एकटीच अजून जुन्या विहिरीवर जात होती.

देवळामागची जमीन रोज मऊ होत गेली. एका म्हशीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. भिंतीला खालून ओल चढली. मी आकारामांना विचारलं तर म्हणाले, "पाझर तलाव पाझारनारच की बाई! कोरडा ऱ्हायला तर पाटबंधाऱ्याच्या सायबाला जाब इचारू." पण संध्याकाळी दिवा लावायला गेले की बांधाकडं बघवत नसे. एवढा मोठा बांध, आणि त्याच्यामागं पाण्याचा जरासुद्धा आवाज नाही.

शनिवारी दुपारी मी सणाचे तांदूळ निवडत होते. हरणाबाई आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"बाई, त्यो झरा देवानं दिलेला न्हाई. मी दिलाय."

मला वाटलं, हिला ताप आलाय.

"बांधाच्या गाभ्यात पाणी धरनारी काळी माती भरायची व्हती. ती अर्ध्या कोसावरनं आणाय लागायची. ह्यास्नी ताप, मी एकली. मुकादम जेवाय गेला की शेजारचा मुरूमच वतला. आठ दिस. वरनं काळी पसरली. ह्यो तलाव कवा भरंल, असं कुणाला वाटलं व्हतं? आता माझ्या वाट्याच्या टप्प्यातनंच पाणी येतंय."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मी दाराशी का बसती? लोक म्हणत्यात लीन हाय. भ्या हाय बाई, भ्या. पुढं जाऊन बसाय पाय उचलत न्हाई." मग म्हणाली, "पाणी निवळ हाय तवर ठीक. तांबडं आलं की समजायचं, आतला मुरूम व्हावाय लागला. मग बांध ऱ्हात न्हाई."

आता जे लिहिते ते मला आजही लाज आणतं. मी तिला म्हटलं, "उद्याचा सण होऊ द्या. पाहुणे यायचे आहेत. सोमवारी साहेबांच्या कानावर घालू." ती उठून गेली.

रविवारी देऊळ भरून गेलं. बाजरीची कणसं, भोपळे, शेंगांच्या पाट्या, पाय बांधलेली एक कोंबडी. पोरंबाळं पुढं बसलेली, मेजामागं ती ओली भिंत. यजमानांनी हाक दिली, तशी हरणाबाई घागर घेऊन आत आली. मेजापाशी थांबली. घागर खाली न ठेवता तिनं ती सगळ्यांसमोर मेजावरच्या काचेच्या भांड्यात ओतली.

पाणी तांबडं होतं.

"ह्यो मुरूम मी भरलाय," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिनं सगळं सांगितलं. पुरुषांच्या रांगेतून तिचा नवरा अर्जुना ओरडला, "खाली बस! नाव घालवतीस घराचं!"

"गेलं तर जाऊ द्या. पोरं उचला. माळावर चला."

कुणी हललं नाही. आकाराम भांड्यापाशी आले. त्यांनी बोट बुडवलं, चोळून बघितलं. "मुरूमच हाय," ते हळू म्हणाले, आणि पुढ्यातलं पोर त्यांनीच आधी उचललं.

बायका-पोरं, म्हातारी माणसं माळावर चढली. पुरुष कुदळी घेऊन सांडवा खोल करायला धावले. बरंच पाणी त्यांनी काढून दिलं, पण सगळं निघेना. दिवस कलता कलता बांध मधोमध खचला. मोठा आवाज झाला नाही. लांब सुस्कारा टाकावा तसं झालं, आणि देवळाची मागची भिंत आडवी झाली. ओढ्याकडची तीन घरं गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

चिखलानं भरलेले आकाराम वर आले. हरणाबाईपुढं उभे राहिले. "तुझ्यामुळं गेलं, आन तुझ्यामुळंच वाचलो. आता तुला काय म्हणायचं गं?"

"काय बी म्हणू नगा. बांध परत घालशीला तवा मला पाटी द्या. काळी माती मी आणीन."

जिचं घर गेलं होतं, त्या मनुबाईनं तोंड फिरवलं. तिनं पुढं दोन वर्षं हरणाबाईच्या हातचं पाणी घेतलं नाही. हेही सांगायला हवं.

कुणीतरी भोपळा उचलून आणला होता, कुणी कोंबडी. यजमानांनी ते खडकावर ठेवून गीत धरलं. खाली अंधारात पाणी अजून जातच होतं, दगड गडगडल्याचा आवाज येत होता. हरणाबाई जागा शोधत राहिली. माळाला दार नव्हतं. मी सरकले, आणि ती आम्हा बायकांच्या मधे बसली. दुसऱ्या कडव्याला माझ्या कानाशी एक चिरका, बेसूर आवाज लागला. मी वळून बघितलं नाही.