व्हिडीओ कॉलवरचं गाऱ्हाणं

फोनमध्ये माणूस मानेपर्यंतच दिसतो, ही या यंत्राची मला आवडलेली एकमेव गोष्ट. पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडले, गुडघा सुजून भोपळा झाला, शेजारीण रिक्षात घालून कणकवलीला डॉक्टरकडे घेऊन गेली. तरी दिवेलागणीला बंगळूरच्या मुलाचा व्हिडीओ कॉल आला, तेव्हा मी पावडर लावून हजर. "कशी आसस?" "माका काय धाड भरली हा?" संपलं बोलणं.

दोन वर्षं तो गावी आला नव्हता. मला तो समोर हवा होता, पण ये म्हणायचं कसं? आईने ये म्हटलं की मुलं कारण विचारतात, आणि कारण सांगितलं तर घाबरून येतात. मला घाबरलेला नको होता, आपणहून आलेला हवा होता.

अशात त्यानेच म्हटलं, "आये, माझ्या बढतीसाठी देवळात गाऱ्हाणा घाल. मी व्हिडीओ कॉलार आसतलंय."

आमच्याकडे गुरव नारळ ठेवून देवाला मागणं सांगतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. जो म्हणाला तो बांधला गेला. मी लगेच गुरवाला गाठलं. तो शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला.

"येत्या जत्रेक माझो झील स्वता बंगळूरसून येवन नारळ ठेवतलो, असां गाऱ्हाण्यात मधीच घाल," मी म्हटलं.

"बाईनू, देवाक फसवतास?"

"देवाक नाय रे. झिलाक."

ठरल्या दिवशी शेजारणीने देवळाच्या पायरीवर, जिथे रेंज मिळते तिथे, फोन धरला. गुरव सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बढती दी." आमचं 'होय म्हाराजा' संपलं की थोड्या वेळाने फोनमधून एकट्याचं यायचं. जत्रेचं वाक्य आलं. फोनमधूनही आलं, 'होय म्हाराजा'. मासा गळाला लागला. मी पदराआड हसले.

पण गुरव थांबेना. "आणि म्हाराजा, तेची आवस न्हाणयेत पडली, तिका धड चलूक येणा नाय, आणि तां ती झिलापासून लपयता. तिच्या गुडघ्याक गुण दी आणि तिका खरां बोलायची बुद्धी दी."

अख्खं देऊळ ओरडलं, 'होय म्हाराजा'. सवयीने मीही. मग सगळे फोनचं ऐकायला थांबले. ते आलंच नाही. रेंज गेली असावी, अशी मी मनापासून देवाची करुणा भाकली.

"आये, तू पडलंस?"

"नाय रे," मी म्हटलं. लोक हसले.

"बाईनू, देवळात आसास," गुरव म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला घरभेदी म्हणाले. तो फोडलेल्या नारळाचं भकल माझ्या हातावर ठेवून मोकळा झाला.

मुलगा जत्रेपर्यंत थांबलाच नाही. त्याच आठवड्यात रिक्षा दारात आली. मी उठून चहा ठेवते म्हटलं आणि भिंत धरली. त्याने ते पाहिलं. मला खुर्चीत बसवून तो खाली बसला आणि डॉक्टर असल्यासारखा गुडघा दाबून बघू लागला. बराच वेळ दाबत राहिला. वर बघेना.

"इतको घाबरलंस?" मी विचारलं.

"आये," तो गुडघ्याशीच बोलला, "बढती खंयची. नोकरीच गेली माझी. चतुर्थीच्या आधी. म्हणान औंदा सणाक इलंय नाय. देवाकडे नोकरी माग म्हणूक लाज वाटली, म्हणान बढती म्हटलंय."

मला आधी रागच आला. एवढे महिने हा पोरगा तिथे एकटा पोळत होता, आणि मी इथे पावडर लावत बसले होते. दोघंही एकमेकांना रोज हसून दाखवत होतो. मग मी त्याच्या केसांत हात घातला.

"आधी जेव," मी म्हटलं. "मगे दोघांय रडूक बसूया."