घरी जोडायच्या मोटारीचा मिस्त्री

इतक्या वर्षांत शेकडो गुन्ह्यांचे तपास केले. बहुतेक विसरलो. एक मात्र आजही आठवतो, आणि आठवला की माझीच मला लाज वाटते.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. श्रीगोंद्याकडच्या ठाण्यात मी फौजदार होतो. दोन घरफोड्या आणि एक मारामारी तपासावर होती, आणि अशात पुण्याहून तिघे हौशी गृहस्थ एका विचित्र ठेंगण्या मोटारीतून ठाण्यात उतरले. त्यांचा म्होरक्या डॉक्टर होता.

त्यांचं म्हणणं असं: नगरला एक मिस्त्री मोटारीचा सांगाडा आणि पत्रा सुट्या भागांत विकायचा. गिऱ्हाइकाने जुनं इंजिन आणायचं आणि गाडी घरीच जोडायची; हे आले ती गाडी त्यातलीच. चार वर्षांपूर्वी मिस्त्री शेडला कुलूप लावून नाहीसा झाला. तो मूळचा आमच्या हद्दीतला. डॉक्टरांनी वर्षभर फिरून त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते जमवले होते, पण मिस्त्री काही सापडत नव्हता.

"गुन्हा काय त्याचा?" मी विचारलं.

"गुन्हा? अहो, सत्कार करायचाय त्यांचा!"

हौसेला मोल नसतं म्हणतात. मी वैतागलो होतो, पण डॉक्टरांची वरपर्यंत ओळख होती. नाइलाजाने गाडी पाहिली. प्रत्येक भागावर छिन्नीने मराठी आकडा ठोकलेला. एकाला दोन, दोनाला तीन जोडत गेलं की गाडी उभी. शेजारी उभा असलेला माझा हवालदार अकोले तालुक्यातला. तो वाकून बघत म्हणाला, "सायेब, असलेच आकडे आमच्या राजूरला पानी उपसायच्या इंजनावर हायेत. बाजारात एक मिस्त्री बसतो. खोललेल्या दर भागावर आकडा मारतो, मंगच जोडतो."

राजूरला निरोप गेला. पोलिसांच्या निरोपाची भाषा एकच: सदर इसमास ठाण्यात हजर करावे. सत्कारासाठी बोलावण्याची भाषा आमच्याकडे नव्हती.

तिसऱ्या दिवशी शिपायाने त्याला एसटीने आणलं. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. कोठडीच्या तयारीनेच आला होता. चोराच्या मनात चांदणं, पण चोरी कुठली ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर मंडळी शाल आणि हार घेऊन बाहेर बसली होती. मी त्यांच्याबद्दल काही बोललो नाही. आधी ओळख पटवावी म्हणून इतकंच विचारलं, "त्या गाड्या तुम्हीच करायचा ना?"

"व्हय सायेब. सोनईच्या रस्त्याला त्यो पोरगा माज्यामुळंच मेला."

मी पेन खाली ठेवलं.

स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड कच्चा होता. दुरुस्तीला परत आलेल्या एका गाडीत त्याला तडा दिसला, आणि त्याच आठवड्यात त्याच्याच एका गाडीचा सोनईजवळचा अपघात कानावर आला. त्याने शेड बंद केली आणि डोंगरात निघून गेला.

"बाकीच्या गाड्यांचं काय? त्यांना का नाही कळवलं?"

"लई डाव पत्र लिवाय बसलो. धीर न्हाई झाला."

मी त्याला बाहेर आणलं. डॉक्टर हार घेऊन पुढे झाले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. थेट गाडीखाली शिरला आणि आतून ओरडला, "ही गाडी कुनी चालवत आनली? तडा गेलाय हिला!"

डॉक्टर पायरीवर बसले. "गेल्याच आठवड्यात मुलांना घेऊन घाट उतरलो," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पत्त्यांची वही काढली. त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवरून आणि तारेने सगळ्या गाडीमालकांना कळवलं. एकही गाडी पुढे रस्त्यावर राहिली नाही. ज्या हौसेला मी हसलो होतो, तिने माणसं वाचवली.

मिस्त्रीचा मी रीतसर जबाब घेतला. कायद्याने त्याचं जे व्हायचं ते झालं.

पण सोनईच्या त्या अपघाताचा पंचनामा माझाच होता. तेव्हा मी त्या भागात नेमणुकीला होतो. मोटार निरीक्षकाकडून गाडी तपासून घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. चेचलेला पत्रा कसल्या गाडीचा, हेही पाहिलं नाही. दारूचा वास येत होता असं कोणी बघ्या म्हणाला, आणि मी लिहून मोकळा झालो: चालक दारूच्या नशेत, भरधाव. आरोपी मयत, तपास बंद.

मी वरिष्ठांना लिहून चूक कबूल केली आणि एका सकाळी त्या मुलाच्या वडिलांकडे सोनईला गेलो. म्हातारा गोठ्यात होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"त्यो पीत न्हवता," तो म्हणाला. "म्या तवाच सांगितलं हुतं सायेब. तुमी लिवून घेतलं न्हाई."

त्याने गुरांपुढे वैरण टाकली.

"आता मला सांगून काय? त्याच्या आईला सांगाया पायजे हुतं. दारुड्याची आई म्हनून ती नळावर जायाची बंद झाली हुती. औंदाच्या पोळ्याआधी गेली."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अपघातात मी मयताच्या घरच्यांचा जबाब आधी घेतला, त्यांचा शब्दन् शब्द लिहून घेतला. नवीन पोरांनाही तेच शिकवलं. त्या माउलीला त्याचा काही उपयोग झाला नाही.