आधी जीभ, मग मीटर

मी इंजिनीअर झालो तो बॉटल मामांमुळे. कॉलेजच्या हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ज्या माती-पाणी प्रयोगशाळेचे ते मदतनीस होते, तिथे सगळे त्यांना याच नावाने हाक मारत आणि तेही या नावाला ओ देत. पाण्याच्या नमुन्याची बाटली आली की ते बूच काढायचे, करंगळी बुडवून थेंब जिभेला लावायचे, छताकडे बघायचे आणि गोड की खार, निकाल सांगायचे. मगच बाटली खार मोजणाऱ्या मीटरपाशी जायची. प्रयोगशाळेत काहीही चाखू नये, अशी पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती.

"आधीं जीभ, मग मीटर," ते आमच्या तंजावुरी मराठीत म्हणायचे. "मीटरास तहान लागत नाहीं."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर कायम दुसरंच काहीतरी असतं. मामांच्या स्टुलावर बाटल्या असत. ते स्वतः बसलेले मला आठवत नाहीत. धुतलेल्या बाटल्या ते पुन्हा धूत. माझ्या पहिल्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तर त्यांनी एकच खिडकी तीनदा पुसली.

मी तंजावुरजवळच्या ओरत्तनाडूच्या तमिळ शाळेतून आलो होतो. वडील तिथल्या छत्रातल्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेतल्या, वसतिगृहात स्वयंपाकी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शेती आणि पर्यावरणाचं इंजिनीअरिंग हे शब्द वडील शेजाऱ्यांना हळूहळू, न चुकता सांगायचे. इकडे मला इंग्रजी व्याख्यानातलं अक्षर कळत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी ट्रंक उचलून बसस्टँड गाठला. सोमवारची सकाळ होती. समोरच्या बसमधून मामा पांढरा प्लास्टिकचा कॅन घेऊन उतरले. समुद्राकडच्या आपल्या गावच्या विहिरीवरून ते आठवड्याचं पिण्याचं पाणी आणत.

"कोठें निघालास?"

"घरीं."

"सरि, बरें. हा कॅन प्रयोगशाळेपर्यंत धर, मग जा."

तिथे त्यांनी शुद्ध पाण्यात मीटर बुडवला. काटा जागचा हलला नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं आणि काटा उडाला. "पाहिलास? मीठ विजेस वाट देतें. वाट मोठी, तर खार मोठा." आदल्या आठवड्यात एक तासभर इंग्रजीत ऐकलेलं मला चार शब्दांत कळलं. माझी ट्रंक परीक्षेपर्यंत त्यांच्या सिंकखाली राहिली. रोज संध्याकाळी मी बाटल्या धुवायचो आणि ते मला त्या दिवशीचा धडा घरच्या भाषेत समजावून सांगायचे.

त्यांची कॉफी कॅनच्या पाण्याचीच असे. मी एकदा ते पाणी मोजूया म्हणालो, तर मला आईच्या हातचं जेवण तोलणारा पोरगा म्हणाले. निवृत्त झाल्यावर ते आणि मामी त्या विहिरीवर राहायला जाणार होते. जमिनीच्या तुकड्यात भात लावणार होते. मामींचे पाय सुजत. गावी राहून तेच पाणी पोटभर प्यायलं की उतरतील, असं मामा सगळ्यांना सांगत.

त्याच वर्षांत गावोगाव नव्या कंपन्यांच्या गाड्या येऊ लागल्या. समुद्राकडच्या भातखाचरांची कोळंबीची तळी झाली आणि पंप लावून त्यांत खारं पाणी भरू लागले. शेवटच्या वर्षी मी तळ्यांभोवतीच्या विहिरींचा प्रकल्प घेतला. मामा उत्साहाने एकेक बाटली चाखू लागले आणि प्रथमच चुकू लागले. फार खारं पाणी ते ओळखत. पण मीटर जे पाणी थोडं खारट सांगे, ते त्यांना गोड लागे. चूक नेहमी त्याच बाजूला.

"मीटर म्हातारा झाला डा, पोरा," ते म्हणाले. मी मीटर तपासला, दुसरा आणला. दोन्हींचा आकडा एकच.

मग एका सोमवारी, ते खाली नळावर गेले असताना, मी कॅनमधलं थोडं पाणी बाटलीत घेतलं. काटा पिण्याच्या पाण्याची रेघ ओलांडून कितीतरी पुढे जाऊन थांबला. मी बाटली बदलून पुन्हा मोजलं. तेच. त्यांच्या विहिरीत खार इतका हळू शिरला होता की त्यांची जीभ त्याच्याबरोबर चालत गेली होती.

मामा वर आले. त्यांनी ती बाटली उचलली, करंगळी बुडवली, छताकडे पाहिलं.

"ही गोड. कुठली?"

मी नंबर लिहायला विसरलो म्हणालो. त्यांनी मला निष्काळजी म्हटलं आणि स्वतःच्या हाताने बाटली धुतली.

पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहालाही बसले नाहीत, उभ्यानेच कप धुऊन ठेवला. मला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत, थेट महाराष्ट्रात, नोकरी लागली. तिथे शेतकऱ्यांना त्यांच्या विहिरीचा आकडा मी तोंडावर सांगायचो आणि खोलीवर येऊन येरझाऱ्या घालायचो. पावसाळा आला, तंजावुरात भाताची रोपं टाकायची वेळ झाली, तेव्हा मी लिहायला बसलो. मामांना देवनागरी येत नव्हती. मी तमिळ लिपीत आमची मराठी लिहिली:

"मामांस साष्टांग नमस्कार. नंबर नसलेली ती बाटली तुमच्या विहिरीची होती. मीं चोरून भरली आणि तुमच्या तोंडावर खोटें बोललों. आकडा येथें लिहीत नाहीं, तुम्ही मीटरास म्हातारा म्हणाल. एकच करा. रोपें टाकूं नका. मामींस घेऊन पंधरा दिवस तंजावुरास राजवाड्याच्या गल्लींत तुमच्या बहिणीकडे राहा, तिथल्या नळाचें पाणी प्या, कॉफीही त्याचीच. मग गावीं जाऊन आपल्या विहिरीचा थेंब जिभेस लावा. तुमची जीभ खोटें सांगत नाहीं, ती फक्त फार दिवस घरींच राहिली. त्या पंधरा दिवसांत मामींचे पाय उतरतात का, तेंही पाहून घ्या. आंत पोस्टकार्ड ठेवलें आहे, माझा पत्ता लिहून. मज शिव्या द्यायच्या असल्या तरी चालेल. फक्त एक शब्द लिहा, गोड कीं खार. तुमचा बाटल्या धुणारा."