ती मावशी कोणाकडून आली होती?

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. माझा जन्म गेला एच.आर.मध्ये. कोण खरंच आजारी आहे आणि कोण मेहुणीच्या लग्नाला निघालाय, हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या माणसाला भुतं सहसा भेटत नाहीत. तरी लिहितोय, कारण या प्रसंगाला मी स्वतः हजर होतो — भर सकाळी, शुद्धीवर.

मी मूळचा नांदेडचा. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब — पाणी तेवढं कुठेच नव्हतं. सलग दुसरं दुष्काळी वर्ष. तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये मी लेबर ऑफिसर म्हणून लागलो. म्हणजे मालकांच्या मते कामगारांचा माणूस आणि कामगारांच्या मते मालकांचा चमचा!

संप पाण्यावरून झाला. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, तिथला हापसा आटला. मिलच्या आवारात मोठी विहीर. कामगारांचं म्हणणं, रोज दोन तास मोटार आमच्यासाठी चालवा. मालक कपाळाला विभूती लावणारे, मोजकं बोलणारे; सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते म्हणाले, "मग बॉयलर काय तुमच्या भाषणावर चालवू?" त्यांनी विहिरीवर पत्रे टाकून कुलूप लावलं. अठरा दिवस मिल बंद. बायका कोसभर लांबून घागरी आणत होत्या आणि अप्पा मिल सोलापूरकडे हलवायची भाषा करू लागले होते. तसं झालं असतं, तर शंभरेक घरांच्या चुली विझल्या असत्या... आणि माझीही.

शेवटची बोलणी सकाळी अकराला, ऑफिसच्या वरच्या खोलीत. एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला युनियनचा पुढारी नारायण आणि त्याचे दोन साथीदार, मधे मी. मी वर गेलो तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसलेली. साठीची असेल, हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर. मी नमस्कार केला, तिने मान हलवली. मला वाटलं, कामगारांनी बायकांच्या वतीने कुणीतरी आणलंय. बरंच केलं.

दहा मिनिटांत आवाज चढले. नारायणने टेबलावर हात आपटला. "हिरीत पाणी कोंडून माणसं मारायलात तुमी!"

अप्पा उठले. "झालं. मिल बंद!"

"बस रे अप्पा," ती बाई म्हणाली. आवाज अगदी साधा, घरातला. "नारायणा, तू बी बस. मला सांगा, हीर बघितली का कुणी?"

नारायणने अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे.

"इतके दिस पाण्यावरून भांडायलात, अन् पाणी कुणी बघितलंच न्हाई? उठा."

आणि उठले की हो सगळे! अप्पांना अरे-तुरे करणारं माणूस मी लातुरात पाहिलं नव्हतं. पण ते मुकाट जिना उतरले, कुलूप काढलं, पत्रे सरकवले.

तळाला जेमतेम गुडघाभर गढूळ पाणी. मोटार बंद आहे म्हणजे विहीर भरली असणार, असं दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं! नारायणचा चेहरा उतरला, अप्पांचा त्याहून.

"आता भांडा की," बाई हसली. मग काठावरच्या कडुलिंबाकडे हात करून म्हणाली, "त्या लिंबाच्या अंगाला झरा हाय. दगडं रचून बुजवलाय. काढा."

"ही हीर माझ्या वडलांनी खांदलेली," अप्पा म्हणाले. "झरा असता तर मला ठाव नसता?"

"तुला न्हाई ठाव."

नारायण पहार घेऊन उतरला, मागोमाग त्याचे साथीदार. चिखल खरवडला तर खरंच आत दगड — एकावर एक, माणसाने रचलेले. चार-पाच निघाले आणि पाणी आलं. आधी करंगळीएवढी धार, मग मनगटाएवढी. नारायण खालून ओरडला, "अप्पा, गार हाय वो! लई गार!"

अप्पा काठावर फतकल मारून बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. नारायण वर आला आणि करार तिथेच झाला. मी वाकलो, माझ्या पाठीवर कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या. रोज दोन तास मोटार.

मग मी नारायणला म्हणालो, "बोलवा तुमच्या मावशींना. त्यांचीही सही घेऊ."

"आमच्या? ती अप्पांची आत्या न्हाई का? त्याबिगर अरे-तुरे करंल व्हय?"

"माझी कुठली आत्या?" अप्पा म्हणाले. "मला वाटलं तुझी माय हाय. म्हणून तर गप बसलो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. बाई कुठेच नव्हती.

गेटवरचा वॉचमन शपथेवर सांगू लागला की सकाळपासून एकही बाई आत आली नाही, बाहेर गेली नाही. खोल्या पाहिल्या, बाजारात चौकशी केली. काही पत्ता नाही. अप्पांच्या म्हाताऱ्या आईला विचारलं, तर झऱ्याबद्दल त्यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

मी डोकं पुष्कळ चालवलं. असेल एखादी शेजारच्या वस्तीतली, वॉचमनचा डोळा लागला असेल. नावं काय, कुणीही सांगतं. पण तो झरा? तिथे येऊन माझं गाडं अडतं ते आजतागायत. एवढं मात्र खरं, की समोरच्याच्या घरची वडीलधारी बसलीय असं समजून दोघंही त्या दिवशी वळणावर आले. पुढच्या नोकरीत किती समेट घडवले, पण असा सोपा एकही नाही.

अप्पा आता नाहीत. नारायण किल्लारीकडे लेकाजवळ असतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, आता रिटायर झालात. आता तरी सांगा. तुमचीच मावशी होती न्हवं ती? नांदेडची?"

मी नाही म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही. आणि खरं सांगू... ती त्यांच्याकडची नव्हती असं तो म्हणतो, ते मलाही अजून पूर्ण पटलेलं नाही.