बाबांच्या आरमाराचा रंग

आमच्या डोंबिवलीच्या घरात शोकेसमध्ये बाहुल्या नव्हत्या, युद्धनौका होत्या. बाबांनी पुठ्ठ्याच्या केलेल्या, हातभर लांब, प्रत्येकीवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या. नळ्या म्हणजे संपलेल्या रिफिली, आणि रडार म्हणजे माझ्या जुन्या फ्रॉकची बटणं. हे आरमार कुठल्याच देशाचं नव्हतं. बाबांना तरुणपणी नौदलात जायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा त्यांना दिसला नाही. लाल-हिरव्याचा घोळ निघाला आणि ते कोलशेतच्या एका कारखान्यात चिकटले. मग त्यांनी स्वतःचंच आरमार काढलं. तिथे भरती करणारे तेच होते आणि डोळे कोणी तपासत नव्हतं.

बोटींना नावं कारखान्यामागच्या खाडीवरच्या पक्ष्यांची. सगळ्या मिळून ‘खंड्या वर्ग’. पहिली खंड्या, मग बगळा, मग पाणकावळा.

“बगळा म्हटल्यावर शत्रू पळतच सुटेल हो!” आई म्हणायची.

बाबांना असल्या थट्टेचं काही वाटत नसे. ते मला गंभीरपणे समजवायचे, “एका वर्गातल्या बोटी एकसारख्या हव्यात. लांबी तीच, नळ्या तेवढ्याच, रंग तोच.”

रंग राखाडी. निदान आमच्या घरात त्याला राखाडी म्हणत. शाळेत मी हत्ती काढला आणि त्याला बोटींचा रंग दिला, तेव्हा बाई म्हणाल्या, “गुलाबी हत्ती कुठे पाहिलास गं?” सगळी मुलं हसली. मी रडत घरी आले. आईने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“पहिल्या बोटीच्या वेळी डब्यांवरचे कागद निघालेले,” ती हळू आवाजात म्हणाली. “ह्यांनी पांढऱ्यात काळ्याबरोबर लालपण ओतला. माझं नवीन लग्न, हे एवढे खूश. मी म्हटलं, छान झालाय. आता दुसरी खरी राखाडी केली तर शेजारी ठेवल्यावर येणारा-जाणारा बोलणार. सगळ्याच अशा असल्या, की वाटतं ह्यांच्या आरमाराचा रंगच हा. कळलं ना? मग तोंड उघडायचं नाही.”

तेव्हापासून मी नीट बघायला लागले. बोट तयार झाली की बाबा खिडकीशी पेपर अंथरून रंग कालवायचे. आई हात पुसत यायची, जुनी बोट शेजारी धरायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, “अजून थोडा लाल. थांबा. एक थेंब काळा. वाळल्यावर गडद होईल, पांढरा घाला.” तिचं समाधान झाल्याशिवाय ती ‘जमला’ म्हणत नसे, आणि तिने म्हटल्याशिवाय बाबा ब्रशला हात लावत नसत. पुठ्ठ्याच्या बोटीसाठी एवढा खटाटोप! मला तेव्हा हसू यायचं.

निवृत्तीनंतर दोघं टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेले. आरमारही गेलं. शेवटची बोट, टिटवी, बांधून झाली आणि आई आजारी पडली. गेल्या हिवाळ्यात ती गेली. टिटवी रंगाविना टीव्हीवरच्या फळीवर पडून राहिली. बाबा तिच्याकडे बघतही नसत. ते आता कशालाच हात लावणार नाहीत, या भीतीने मी ठाण्याहून दर रविवारी जायचे आणि त्या बोटीवरची धूळ पुसायचे.

एका रविवारी गेले तर खिडकीशी पेपर अंथरलेला. मला इतका आनंद झाला, की मी चप्पल काढायची विसरले. बाबांनी काळा-पांढरा कालवला होता. स्वच्छ, खरा राखाडी. त्यांनी डबी माझ्यासमोर धरली.

मी खंड्या आणून शेजारी धरली आणि आईसारखंच म्हटलं, “अजून थोडा लाल घाला.”

बाबांनी लाल रंगाची डबी उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि हसले.

“राखाडीत लाल घालत नाहीत, एवढं मलाही कळतं गं. डोळ्यांना दिसत नसलं तरी डबीवरचं वाचता येतं.”

मी विचारलं, “मग आईला कधी म्हणाला नाहीत?”

“ती एवढ्या मनापासून सांगायची. कशाला म्हणायचं?”

“मग ही तरी राखाडीच ठेवू या?”

“छे! एका वर्गातल्या बोटी सारख्याच हव्यात. किती घालू, ते सांग.”

मी सांगत गेले. थोडा लाल, थोडा पांढरा, परत लाल. डोळे भरून येत होते, नीट दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी तो रंग मला आला नसता. तो आईच्या नजरेत होता आणि आई नव्हती. शेवटी मी म्हटलं, “जमला, बाबा.”

त्यांनी ब्रश उचलला, पण तो बोटीला टेकवेनात.

“ती इतक्या लवकर कधीच म्हणायची नाही,” ते म्हणाले.