एका वारेवरच्या दोघी

“थांब माय, हात थंड आहेत,” असं म्हणून आमचे डॉक्टर आधी तळवे एकमेकांवर घासायचे आणि मगच बाईच्या पोटावर ठेवायचे. अर्जुनी मोरगावच्या त्यांच्या लहानशा प्रसूतिगृहात मी मेट्रन होते. मुलांनो, आजीचे डॉक्टर कसे होते, असं तुम्ही फोनवर विचारता. तर असे होते.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. जुळं केळं खाल्लं म्हणून सुनेला जावळी, म्हणजे जुळी, राहिली, अशी तिची तक्रार. डॉक्टर म्हणाले, “मावशी, मग केळीवाल्याची बायको दरवर्षी इथंच दिसली असती.” आधी सासूच हसली.

पुढे त्याच सुनेचं पोट इतकं फुगलं की तिला आडवं होता येईना. दोन्ही बाळं एकाच वारेवर होती. वार म्हणजे बाळाला पोसणारा गोळा. त्यातल्या रक्तवाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे चाललं होतं. डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, “समज, दोन धानाच्या बांध्या आहेत. मधला धुरा फुटला. एक बुडून राहिली, एक सुकून राहिली.” आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा.

तो लगेच म्हणाला, “मंग धुरा बांधून टाका न, साहेब. कायले थांबून राहिले?”

“ते बांधायचं मशीन इथं नाही रे. फार दूर आहे. एवढ्या प्रवासात हिचंच काही व्हायचं.”

सोनोग्राफीवर बघत त्यांनी सुईने एका बाळाभोवती साचलेलं जास्तीचं पाणी काढलं. तिला श्वास घेता आला. पोट पुन्हा भरलं, त्यांनी पुन्हा काढलं. मी बाटल्या बदलत होते. तेव्हा मला काय वाटलं, ते आठवत नाही. बाटल्या आठवतात.

मग एका सकाळी पडद्यावर एकच ठोका दिसला. डॉक्टरांनी मशीन बंद केलं. नवऱ्याने विचारलं, “कोन्ती बांधी सुकली, साहेब?”

डॉक्टर बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. त्यानंतर त्यांनी कुणालाही शेताची उपमा दिली नाही. “एक बाळ जाऊ शकतं, दोन्ही जाऊ शकतात,” एवढंच सांगायचे. बाया रडायच्या. ते रडू द्यायचे.

दिवस भरण्याआधीच त्या सुनेला दोन मुली झाल्या, एक जिवंत. ती जगली.

काही वर्षांनी डॉक्टर वारल्यावर मी दवाखान्याची किल्ली परत द्यायला गेले, तर बंद शटरसमोर तो नवरा उभा होता. कुणीतरी त्याला बातमी सांगितली होती. सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी होती.

“बा, हाच का तो दवाखाना?”

“हाव. मले डॉक्टरसायबायनंच हाती देल्लं तुले.”

“आन् दुसरीले?”

त्याने शटरवर तळवा ठेवला.

“तिलेबी,” म्हणाला.