डब्यातले किडे आणि आमचे मोठे दीर

आमच्या मोठ्या दिरांनी आयुष्यात डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो फक्त झोपेवर, आणि तेव्हाही त्यांचा एक डोळा किलकिला असतो. भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामाच्या गेटवर त्यांची ड्युटी. ट्रक आला की मागच्या दाराचं सील बघायचं, नंबर कागदाशी जुळवायचा, मगच आत सोडायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांना बंद दिसणारी प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी उघडून बघितलेली वाटते. दुधाची पिशवी ते उजेडात धरून तिचा जोड तपासतात. लग्नाची पत्रिका आली तर पहिला प्रश्न, "ह्यांना आपला पत्ता दिला कोनी?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर पहिली गोळी माझ्या नवऱ्याला. "तू धाकटा हायस, तुला काय होनार न्हाय."

पण माझ्या जाऊबाई गेल्या आणि हा संशय थेट देवापर्यंत पोचला. घरचा गणपती त्यांनी बंद केला. थोरले तेच, त्यांच्यापुढे कोण बोलणार? मी तर त्यांच्यासमोर कधी उभीही राहत नाही, दाराआडून चहा सरकवते. तीन वर्षं भाद्रपदात आमचं घर मुकं राहिलं. गल्लीत आरत्या सुरू झाल्या की मी उगाच भांडी घासायला घ्यायचे.

रविवारी ओट्यावर त्यांचा वाद चालायचा तो शेजारच्या चाचांशी. चाचा लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे मिस्त्री, अर्धं आयुष्य भिवंडीत गेलेलं. दिरांनी मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की पहिला जीव चिखलात आपोआप झाला. चाचांना ते पटेना.

"एक धागा अपने आप नहीं बैठता, भाईसाब. इतनी बड़ी दुनिया कैसे बैठ गई?"

"लूम बंद पडली की तू दिसतोस. ह्यो तुझा बनवनारा कदी दिसला काय?"

"दिखेगा तो आप उसका भी आधार कार्ड माँगोगे."

"मागनारच. आनि मला सांग, बंद डब्यात तांदळाला किडे पडतात, ते बनवाया कोन जातो आत?"

चाचा म्हणाले, मग डबा बंद करूनच बघा. किडे झाले तर मी हरलो. "और नहीं हुए तो?"

कुणी ऐकत नाही ना, ते दिरांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग म्हणाले, "तर गनपती आनीन."

दाराआड माझ्या हातातली कपबशी वाजली.

संध्याकाळी त्यांनी डबा दाराआड माझ्या दिशेने सरकवला. "धाकटे, तांदूळ भर. काय लावू नको हां." मी दाराआडूनच हो म्हटलं, स्वयंपाकघरात गेले, आणि दरवर्षी साठवणीच्या तांदळाला लावते तशी बोरिक पावडर चोळली. दरवर्षीपेक्षा जरा जास्तच. डबा दाराबाहेर सरकवला. मला वाटलं, आता झाकण उघडतील. पण पंचवीस वर्षं गेटवर बसलेला माणूस तो. त्याने माल कधी बघितलाच नव्हता, फक्त सील. दिरांनी तारेने डबा आवळला, गोदामातून आणलेलं सील ठोकलं, नंबर वहीत लिहिला आणि मग तीन महिने रोज तो नंबर जुळवत राहिले. चाचांना डब्याजवळ फिरकू देईनात. "तू मिस्त्री हायस, तुझा हात कुठंपन जातो."

गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा चाचांच्या समोर सील तोडलं. तांदूळ सुपात पसरले. चष्मा लावून, उकिडवं बसून, एकेक दाणा सरकवत शोधलं. किडा नाही, अळी नाही, जाळी नाही. चाचा मिशीतल्या मिशीत हसले. दिरांनी चिमूट उचलून बोटांत चोळली. बोटांना पांढरं लागलं. ते बोटांकडे बघत राहिले, मग दाराकडे.

"धाकटे, तांदूळ तूच भरलेस ना?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर दाराबाहेर आले. "हो," म्हटलं.

त्यांनी बोटं लुंगीला पुसली. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि चाचांना सांगितलं, "चल, मूर्ती बगून येऊ. तू दर बोलू नको फक्त."

त्यांनी ओळखलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचा धीर नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

गणपती दीड दिवसाचा आला. आरतीला दीर मागे भिंतीला टेकून उभे राहिले. हात जोडले नाहीत. मूर्तीकडे गेटवरच्या नजरेने बघत होते. पण उजव्या बाजूला, समईजवळ, जाऊबाई ताट घेऊन उभ्या राहायच्या तिथे कुणी आलं की ते हळू आवाजात म्हणत, "जरा तिकडं सरक."

विसर्जनापर्यंत ती एवढीशी जागा कुणी घेतली नाही.